धावपट्टीचं कापड

स्तेफानियाबाई गुपचूप पाव घेऊन झेनिकच्या दारी जाऊन आल्या होत्या, हे उल्यानाला कळलं ते थेट नातवाच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी सकाळी. भात-खिमा भरलेल्या होलुब्त्सीचं पातेलं नुकतंच चुलीवर चढलं होतं, कोबीच्या पानांचा वास घरभर सुटला होता, आणि गळ्यात टाय अडकवून, हातात फीत बांधलेला खोका घेऊन झेनिक लंगडत अंगणात शिरला.

"कूम आला बरं का!" त्याने फाटकातूनच आरोळी ठोकली. "कुठंय माझं लेकरू?"

उल्याना हात पुसायचं फडकं तसंच धरून दारात आली. "कुणाचा कूम?"

"तुमचाच की. ऑरेस्तचा धर्मबाप. आत्या पाव घेऊन आली होती परवा..." झेनिकचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "तुम्हाला माहीत नव्हतं होय?"

आमच्याकडे कुणाला धर्मपिता करायचं असेल तर पाव घेऊन त्याच्या दारी जातात. त्याने पाव घेतला की तो कूम झाला, जन्मभराचा सोयरा. पाव नाकारणं माणुसकीत बसत नाही, आणि दिलेला पाव परत मागणं तर त्याहून नाही. म्हणून एका पोरासाठी दोन दारी पाव गेला की तंटा ठरलेला. उल्यानाच्या मुलीने, सोलोमियाने, आपला पाव इस्टरलाच दिला होता, पोटात ऑरेस्त असताना, आपल्या सख्ख्या भावाला. ओस्तापने तो तिथल्या तिथे तोडून मीठ लावून खाल्ला होता. "मुलगा होवो की मुलगी, कूम मीच," असं म्हणून दुसऱ्या दिवशी तो वायुदलाच्या आपल्या विमानतळावर परत गेला, तो गेलाच. काल संध्याकाळी फोन आला, की रजा रद्द झाली. "क्रिझ्मा पाठवलीय. सकाळी पार्सल पोचेल. बाबांना दाखवा, त्यांना कळेल," एवढं बोलला आणि लाइन तुटली.

बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर काढलेलं मूल झेलायचं पांढरं कापड, ती क्रिझ्मा. ती धर्मपित्यानेच आणायची असते. आई मग ती न धुता पेटीत ठेवते, आणि पोर आजारी पडलं की त्याच्यावर पांघरते.

"विहीणबाई," उल्याना स्वयंपाकघरात वळली, "तुमचा भाचा आलाय. स्वतःला कूम म्हणवतोय. काय भानगड आहे?"

स्तेफानियाबाई टेबलाशी बसून काकड्या चिरत होत्या. सुरी थांबली नाही.

"भानगड कसली? पोराला धर्मबाप नको?"

"आहे की त्याला धर्मबाप!"

"कुठंय? दाखवा."

नाझार, म्हणजे ऑरेस्तचा बाप, खिडकीतून हे ऐकत होता. तो मागच्या अंगणात लाकडं फोडायला निघून गेला. आई आणि सासू यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. रेल्वेच्या तुटलेल्या तारा तो बॉम्ब पडल्यावर तासाभरात जोडायचा, पण ही तार जोडणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं.

सोलोमिया पोराला खांद्यावर घेऊन बाहेरच्या खोलीतून आली. "अहो आई, मी ओस्तापला पाव दिलाय. सगळ्यांसमोर. तुम्ही पण होता तेव्हा."

"होते."

"मग मला न विचारता असं का केलंत?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते!"

"मग झालं तर."

उल्यानाला हसूही आलं असतं, पण राग त्याच्या आधी आला. "सरळ बोला ना. माझा मुलगा तुम्ही मेल्यातच धरलाय, असंच ना?"

सुरी थांबली.

तसं म्हणणं बरोबर नव्हतं, आणि चूकही नव्हतं, हे स्तेफानियाबाईंनाच ठाऊक. ओस्तापचा अभिमान त्यांना त्याच्या आईइतकाच होता. बाजारात, दवाखान्यात, बसमध्ये शेजारी बसणाऱ्या परक्या बायकांनाही त्या सांगायच्या, की आमच्या सुनेचा भाऊ लढाऊ विमान चालवतो. युद्धाच्या पहिल्या पहाटे विमानतळावर क्षेपणास्त्रं पडत असताना तो धुरातून उडाला, आणि संध्याकाळी भलत्याच ठिकाणाहून आईला फोन करून त्याने काय विचारलं, तर मधमाश्या कशा आहेत. ही गोष्ट त्या इतक्यांदा सांगून झाल्या होत्या, की ऐकणारे त्यांच्या आधी हसायचे. पण अभिमान वेगळा आणि नातवाचा धर्मबाप वेगळा.

"माझा सेव्हेरिन तीन पोरांचा धर्मबाप होता," त्या म्हणाल्या. लढाईत गेलेल्या मुलाचं नाव घेताना त्यांचा आवाज खाली आला होता. "गावात सगळ्यांना तोच हवा असायचा. हसरा, देखणा. आता ती पोरं इस्टरला फुलं घेऊन कबरीवर येतात. मोठी दोघं तरी त्याला ओळखत होती. धाकटी विचारते, आजी, माझा धर्मबाप कसा बोलायचा गं? उल्याना, मी तिला काय सांगू? बोलून दाखवू त्याच्यासारखं?"

 चुलीवरच्या पातेल्याचं झाकण तेवढं थडथडत होतं.

"मला ऑरेस्तला उचलणारा माणूस हवाय," स्तेफानियाबाई म्हणाल्या. "झेनिकचा पाय ट्रॅक्टरखाली गेलाय, त्याला कुणी लढाईवर नेत नाही. बियाण्यांचं दुकान आहे. तो इथंच राहणार. एवढंच बघितलं मी. शिव्या द्या हवं तर."

उल्यानाने शिव्या दिल्या नाहीत. झारा उचलून ती पातेल्याकडे वळली, पण तिचे खांदे हलताना सोलोमियाला दिसले.

"पाव मी परत मागणार नाही," सोलोमिया म्हणाली. "आई, तुझ्या मुलाचाही नाही आणि अहो आई, तुमच्या भाच्याचाही नाही. पण पोराला झेलायचं कापड ओस्तापचंच असेल. त्यात बदल नाही."

*

उल्यानाचा नवरा दानिलो पार्सल आणायला निघाला तेव्हा झेनिकही त्याच्या मागोमाग निघाला. घरात बसायची त्याची छाती नव्हती. दुकानाच्या भिंतीला लावलेल्या पार्सलच्या कपाटापर्यंत दोघं गावच्या रस्त्याने चालत गेले, एक म्हातारपणामुळे सावकाश आणि एक पायामुळे.

"काका, मला कुठं ठाऊक होतं," झेनिक म्हणाला. "आत्या आली, पाव ठेवला, रडली. मी घेतला. नाही कसं म्हणणार?"

"नाही म्हणायचंच नसतं. त्यात तुझी काही चूक नाही."

"पण त्याच्या जागी मी? तुम्हाला एक सांगू? हे मी कुणाला सांगितलेलं नाही." झेनिकने टाय सैल केला. "तो मार्च आठवतो ना, वीजकेंद्रावर डागलेलं क्षेपणास्त्र बीटाच्या शेतात पाडलं होतं? मी तेव्हा शहरात बसस्टॉपवर होतो. ते आमच्या डोक्यावरून गेलं आणि त्याच्या मागं विमान. अगदी शेपटीला लागलं होतं, पण मारतच नव्हतं. मी ओरडलो, मार की रे, झोपलायस का? आईवरून शिव्या घातल्या, काका. काय काय बोललो ते सांगत नाही. शहर संपलं, शेतं लागली, आणि मग त्याने मारलं."

दानिलो ऐकत होता.

"खाली घरं होती म्हणून थांबला होता," झेनिक म्हणाला. "आमच्यासाठी थांबला होता, आणि मी इकडं खालून त्याच्या आईचा उद्धार करतोय. दुसऱ्या दिवशी कळलं की तो आपला ओस्ताप. आज त्या आईने मला दारात बघितलं ना, तेव्हा ते सगळं आठवलं."

"इतकं जवळून मारलं, की त्या तुकड्यांनी त्याच्याच पंखाला भोकं पडली," दानिलो म्हणाला. "हे उल्यानाला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"तिला ठाऊक आहे. ओस्तापने आधी तिला सांगितलं आणि वर बजावलं, बाबांना सांगू नकोस. मग मला सांगितलं आणि बजावलं, आईला सांगू नकोस. लहानपणापासून असाच लबाड."

दानिलोच्या आवाजात असा काही मऊपणा आला, की झेनिकने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. लहानपणी ओस्ताप मधमाश्यांच्या पेट्यांमधून हात पसरून गुणगुणत पळायचा म्हणून दानिलोनेच त्याला भुंगा म्हणायला सुरुवात केली होती. आता वायुदलात त्याला याच नावाने हाक मारतात. पण पोराने हात का पसरले, याचं कारणही दानिलोच होता. आपण सैन्यात असताना लढाऊ विमानांबरोबर कसं काम केलं, याच्या गोष्टी तो रोज जेवताना सांगायचा. कसलं काम, हे मात्र उल्यानाने कधी विचारलं नाही आणि दानिलोनेही तिला कधी सांगितलं नाही.

कपाटातून पार्सल काढलं तेवढ्यात हवाई हल्ल्याचा सायरन वाजला. दुकानाबाहेरच्या बाकावरच्या बायांनी एकदा आभाळाकडे पाहिलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. दानिलो मात्र बराच वेळ वर बघत राहिला. सायरन झाला म्हणजे आपला भुंगा वर गेला असणार, हे त्याला ठाऊक होतं.

*

पार्सल सोलोमियाने टेबलावर उघडलं. आतून पांढरट, मळकट कापड निघालं, निसरडं आणि चिवट, एका कडेला शिवलेल्या जाड पट्ट्या आणि दोऱ्या लोंबत होत्या. घरभर रॉकेल आणि जळक्या टायरचा वास पसरला. कोबीच्या वासाचं काही चाललं नाही.

"हे काय?" उल्याना म्हणाली. तिने कापड दोन बोटांत चोळलं. "हे पाणी तरी पिईल का? लेकरू ओलंच राहील की यात."

स्तेफानियाबाई मात्र उठून मागे सरल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पॅराशूट आहे ते," त्या म्हणाल्या. "पॅराशूट! ज्याला विमानातून उडी टाकावी लागली त्याचं कापड! आणि यात माझ्या नातवाला गुंडाळणार? सोलोमिया, मी पाया पडते तुझ्या. हे नको. वाटलं तर झेनिकचंही नको, घरातली चादर घ्या, पण हे नको!"

सोलोमियाचाही हात मागे आला. भावावर तिचा विश्वास होता, पण दोऱ्या तर समोर दिसत होत्या. उल्याना एकदम खुर्चीवर बसली. "त्याने उडी टाकली? कधी? मला कसं नाही सांगितलं?"

दानिलो दारात बूट काढत होता. एक बूट पायात ठेवूनच तो आत आला, त्याने ते कापड उचललं, कडेची शिवण अंगठ्याने चाचपली, आणि हसायलाच लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले तरी हसणं थांबेना.

"लबाड," तो म्हणाला. "लबाड कुठला!"

"काय झालं, बाबा?"

"बसा. विहीणबाई, तुम्ही पण बसा. हे उडीचं पॅराशूट नाही." त्याने कापड टेबलावर अंथरलं. "हे माणसाचं नाही, विमानाचं आहे. ब्रेकचं. विमान उतरतं, चाकं धावपट्टीला टेकतात, तरी वेग केवढा असतो. मग शेपटीतून हे बाहेर पडतं, फुगतं आणि विमानाला मागे ओढतं. विमान थांबलं की वैमानिक हे तिथेच टाकून देतो. आभाळात हे कधी उघडत नाही. घरी पोचल्याशिवाय हे बाहेरच येत नाही."

स्तेफानियाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला काय ठाऊक?"

"मला?" दानिलोने बायकोकडे एकदा पाहिलं. "अगं, मी सैन्यात होतो ना..."

"लढाऊ विमानांबरोबर," उल्याना आणि सोलोमिया एका सुरात म्हणाल्या.

"बरोबरच. त्यांच्या मागेमागे. विमान उतरलं की धावपट्टीवर पळायचं, टाकलेलं पॅराशूट उचलायचं, आणून झटकायचं, वाळवायचं, घडी घालून परत पिशवीत भरायचं. सगळी नोकरी मी हेच केलं. एकाही विमानात मला कुणी बसू दिलं नाही."

उल्यानाचं तोंड उघडंच राहिलं. "आणि त्या हजार गोष्टी सांगितल्यास, वादळात उतरलेलं विमान, तो कर्नल..."

"सगळं खरं आहे. फक्त मी खाली होतो."

"आयुष्यभर मला वाटलं, मी वैमानिकाशी नाही तर निदान मेकॅनिकशी लग्न केलंय! आणि तू कपडे वाळत घालायचास?"

"ओस्तापने एकदा खोदून विचारलं होतं. त्याला खरं सांगितलं. तेव्हा तो केवढासा होता. म्हणाला, बाबा, मी वरून टाकेन, तुम्ही उचला."  दानिलोने कापडावरून हात फिरवला, घडी घालताना फिरवायचा तसा. "आता उचललं, बघ."

उल्यानाने ते कापड ओढून घेतलं आणि त्यात तोंड खुपसलं. रॉकेलच्या वासात तिचा मुलगा होता. ती रडली, पण मघाशी रडली होती तशी नाही.

 स्तेफानियाबाईंनी एक बोट पुढे करून त्या कापडाला लावलं. कडेला ते घासून घासून पातळ झालं होतं, एका ठिकाणी ठिगळही होतं.

"फार वापरलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"झिजून बाद होईपर्यंत वापरतात," दानिलो म्हणाला. "जितक्यांदा हे उघडलं, तितक्यांदा तो परत आला."

स्तेफानियाबाईंनी मान हलवली. मग डोक्याला रुमाल बांधला आणि त्या बाहेर पडल्या. फाटक वाजलं.

"गेल्या," झेनिक हळूच म्हणाला. "आता परत येत नाहीत. आत्याचा राग म्हणजे..."

पण त्यांचं घर त्याच गल्लीत होतं, आणि त्या राग घेऊन गेल्याच नव्हत्या. चर्चची पहिली घंटा व्हायच्या आत त्या परत आल्या. छातीशी घरी विणलेल्या जाड लिननचं एक कापड धरलेलं होतं, जुनं, पिवळसर, कडेला लाल टाक्यांची नक्षी. नाझार लाकडं सोडून त्यांच्या मागोमाग आत आला. ते कापड त्याने ओळखलं होतं, आणि सोलोमियानेही ओळखलं. मुलाच्या अंत्यविधीआधी स्तेफानियाबाईंनी ते रात्रभर मांडीवर घेऊन ठेवलं होतं. ती सेव्हेरिनची क्रिझ्मा होती.

"तुमचं ते नायलॉन पाणी पिणार नाही," त्या उल्यानाला म्हणाल्या. "हे पिईल. याचं अस्तर लावू. सुई आहे का घरात, की ती पण दानिलोने घडी घालून ठेवलीय?"

"विहीणबाई, हे तुम्ही..."

"रडत बसू नका, घंटा होईल. तुम्ही त्या बाजूने घ्या, मी या बाजूने."

दोघी विहिणी टेबलाच्या दोन टोकांना बसल्या आणि दोन बाजूंनी टाके घालत एकमेकींकडे सरकू लागल्या. झेनिकने चाकूने दोऱ्या कापल्या, सुयांत दोरा ओवून दिला, आणि मधूनच फीत बांधलेल्या आपल्या खोक्याकडे बघितलं.

"आणि माझी क्रिझ्मा? दुकानातून आणलीय, भारीतली आहे. देवदूत काढलेत तिच्यावर."

"मेजावर अंथर," स्तेफानियाबाई मान वर न करता म्हणाल्या. "पाहुण्यांना आवडतील देवदूत."

"मग मी कूम नाही?"

"पाव खाल्लास ना?"

"खाल्ला."

"मग आता कुठं सुटतोस? दोन कूम झाले म्हणून पोर बिघडत नाही. चर्चमध्ये हात तुझे, नाव त्याचं. लंगडू नकोस फक्त त्या वेळी, पोर हातात असेल."

"आत्या, मी हौसेने लंगडत नाही गं!"

सोलोमिया हसली, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच नाझारही हसला.

*

फादर मेलेतींनी ते कापड हातात घेतलं, हुंगलं आणि भुवया वर केल्या. दानिलोने त्यांच्या कानात चार शब्द सांगितले. फादर म्हणाले, "चालेल. बाहेरून विमानाचं असलं तरी आतून आपलंच आहे."

धोका टळल्याचा भोंगा अजून झाला नव्हता. आमच्या चर्चमध्ये त्यासाठी आता कुणी थांबत नाही. ऑरेस्तला पाण्यातून वर काढलं तेव्हा तो असा ओरडला, की मागच्या बाकांवर लोक खूश झाले. झेनिकने त्याला झेललं, घट्ट पाय रोवून. सेव्हेरिनच्या लिननने पाणी टिपलं, वरून ओस्तापच्या कापडाने पोराला गुंडाळलं, आणि ओरडणं थांबलं. धर्मपित्याचं नाव विचारलं तेव्हा झेनिक एवढ्या मोठ्याने "ओस्ताप!" म्हणाला, की जणू स्वतःचंच नाव सांगतोय.

जेवणं सुरू झाली ती देवदूतांच्या मेजावर. बोर्शचं सूप झालं, होलुब्त्सी झाले, मधाचा केक आला, पण घरच्या दारूची बाटली तशीच होती. उल्याना ओतू देत नव्हती. तिचा फोन मध्यभागी, मिठाच्या भांड्याला टेकवून उभा होता आणि बोलता बोलता सगळ्यांचे डोळे तिकडे जात होते. धोका टळल्याचा भोंगा झाला होता. तरी फोन येत नव्हता. पाहुणे ओस्तापच्या गोष्टी सांगत होते, बीटाच्या शेताची गोष्ट झेनिकने उभं राहून सांगितली, शिव्यांसकट, आणि उल्यानासमोर मान खाली घालून माफी मागितली. ती म्हणाली, "तेव्हा घरात बसून मीपण तेच म्हणत असेन." सगळे हसले. मग परत फोनकडे बघू लागले.

फोन वाजला तेव्हा सगळ्यांचे हात एकदम पुढे गेले. स्तेफानियाबाईंचा आधी पोचला.

"आई?" पलीकडून आवाज आला. मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं. "आई, झालं का सगळं नीट?"

"आई नाही, मी आहे. बोल, कूम."

 "स्तेफानियामावशी? काय म्हणालात?"

"कूम म्हणाले. विमानात बसून बसून कान गेले वाटतं."

"नाही, ऐकू आलं." तो हसत होता. "क्रिझ्मा पोचली ना? तिला वास येतो, मावशी. धुऊन घ्या हं."

"क्रिझ्मा धुवायची नसते, एवढं पण शिकवलं नाही का तुला? वास राहू दे. पोराला आवडलाय." स्तेफानियाबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. मेजावर कुणाचा चमचा वाजत नव्हता. "मला एक सांग. वर होतास ना आत्ता?"

"होतो."

"मग? कापड उघडलं?"

ओस्तापला कळायला थोडा वेळ लागला.

"उघडलं, मावशी," तो म्हणाला. "आत्ताच धावपट्टीवर टाकून आलोय."

स्तेफानियाबाईंनी डोळे पुसले, फोन उल्यानाच्या हातात दिला आणि दानिलोकडे वळल्या.

"उघडलं म्हणतोय. ओता आता."